लेकीच्या घरचं पाणी

फोन आला तेव्हा मी पुण्यात, खोलीमालकिणीच्या स्वयंपाकघरात होते. त्यांचा फोन फ्रिजच्या डोक्यावर असायचा, त्यामुळे माझ्या आयुष्यातल्या सगळ्या बातम्या मला फोडणीच्या वासात कळलेल्या आहेत. पलीकडून बाबा म्हणाले, "अण्णा गेले. सकाळी पाणी सोडून आले, आंघोळ केली, चहा मागितला... आणि चहा येईपर्यंत गेले." यावर माणूस काय विचारतं? मी विचारलं, "पाचही नंबर सोडून झाले होते?" बाबा म्हणाले, "हो, पाचही." बाईंना त्या बोलण्यातलं अक्षरही कळलं नसणार. त्यांनी गॅस बारीक केला आणि माझ्याकडे खुर्ची सरकवली.

अण्णा म्हणजे माझे आजोबा, बाबांचे वडील. मूळचे जासईचे, पण सगळं आयुष्य पनवेलात गेलं, आणि तेही रस्त्याच्या मधोमध. ते वॉलमन होते. म्हणजे नळाचं पाणी कुठल्या आळीला कधी सोडायचं आणि कधी बंद करायचं, ते त्यांच्या हातात. रस्त्यात जागोजागी लोखंडी झाकणं असायची, झाकणाखाली वॉल, आणि तो फिरवायला अण्णांच्या खांद्यावर टी-आकाराची एक लांबलचक चावी. मी चौथीत असताना ती चावी माझ्याहून उंच होती. त्यांच्याकडे असे पाच वॉल होते. एक नंबर टाकीजवळ, मग दोन, तीन, चार, आणि शेवटचा पाच नंबर आमच्या आळीचा. पहाटे पाचला एक नंबर उघडायचा, पाऊण तासाने तो बंद करून दोन नंबर, असं करत करत पाण्याला आमच्या दारात यायला आठ वाजायचे. तोपर्यंत पाण्याचा जीव अर्धा झालेला असायचा. आजी म्हणायची, "सगल्या गावाला पानी पाजतान आनि आपल्या घरी नल नुसता खोकतो."

रिटायर होऊन त्यांना पाच वर्षं झाली होती, तरी रोज पहाटे ते जातच होते. त्यांच्या जागी आलेला रघुनाथ चाळिशीचा, चांगला पोट सुटलेला, बायकामुलं असलेला माणूस. पण अण्णांच्या मते तो अजून शिकत होता. त्यामुळे अण्णा गेले हे गावाला आमच्याआधी कळलं म्हटलं तरी चालेल. मी पोचले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. चार नंबरच्या आळीतल्या एक आजी माझ्या गळ्यात पडून रडल्या, डोळे पुसले आणि हळूच कानात म्हणाल्या, "उद्या पाणी येईल ना गं वेळेवर?" मला हसू आवरेना, आणि अशा वेळी हसू येणं म्हणजे केवढी पंचाईत. माझी आजी भिंतीला टेकून बसली होती, डोक्यावरून पदर, डोळे सुजलेले. तिने तिथूनच उत्तर दिलं, "येल. रघुनाथ हाय." आणि पुन्हा रडायला लागली.

अण्णांची काम करायची पद्धत त्यांची स्वतःची होती. घड्याळ त्यांच्याकडे होतं, पण ते कपाटात, कारण पाण्याच्या कामात घड्याळ खराब होतं असं त्यांचं म्हणणं. वेळ ते विड्यांवर मोजायचे. एका वॉलला चार विड्या. चौथी विझली की वॉल बंद, मग समोरच्या घरात नवरदेव साबण लावून उभा असला तरी. हे इतकं चोख चालायचं की लोक नळाकडे बघून घड्याळं लावायचे. पुढे खोकला वाढला तेव्हा डॉक्टरांनी विडी बंद केली. आजीने लगेच देवाची शपथ घालून टाकली आणि अण्णा विडीच्या जागी लिमलेटच्या गोळ्या चघळायला लागले. एका वॉलला पाच गोळ्या, हिशेब बरोबर होता. पण विडी काही दातांनी फोडता येत नाही, आणि गोळी फुटते. अण्णांना राग आला की कडाकडा गोळ्या फुटायच्या आणि त्या आळीचं पाणी दहा-दहा मिनिटं आधी जायचं. ते डॉक्टर राहायचे चार नंबरला. त्यांची आळी जवळ आली की अण्णांना विडीची आठवण व्हायची, मग राग यायचा, मग गोळ्या. पंधरा दिवसांनी डॉक्टर स्वतः आमच्याकडे आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "अण्णा, काही नाही, मी विचार केला... दिवसाला चार विड्या चालतील तुम्हाला. माझ्या आळीत ओढा."

एवढं सगळं असूनही त्यांनी कोणाला एक हंडा जास्त दिला नाही. लग्न निघालं, पाहुणे आले, बारसं आहे, असं सांगत लोक यायचे. लाडू आणायचे, आंबे आणायचे. अण्णा लाडू खायचे, बरा झालाय म्हणायचे, आणि पाणी पाऊण तासच. आमच्या शालूआत्याचं लग्न आमच्या घरी लागलं तेव्हा दीडशे पानं उठणार होती. आजीने आठ दिवस आधीपासून रदबदली केली. फक्त दहा मिनिटं जास्त, पोरीचं लग्न आहे. अण्णा हो म्हणाले नाहीत आणि नाही पण म्हणाले नाहीत. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी ते कावड घेऊन मागच्या विहिरीवर गेले आणि संध्याकाळपर्यंत एकट्याने सगळी पिंपं भरली. मुलीच्या हळदीला बापाचे खांदे सोलवटलेले. आजी हळद लावता लावता त्यांना बोलत होती आणि बोलता बोलता त्यांच्याच खांद्यावर हळद लावत होती.

शालूआत्या दिली गावातच, दोन नंबरच्या आळीत. तिचे यजमान मोहनकाका तळोज्याच्या एका कारखान्यात होते. साधा, हसरा, कमी बोलणारा माणूस. म्हणजे सासर माहेरापासून दहा मिनिटांवर, आणि बाप रोज सकाळी दारावरून जाणारा. अशी चैन किती मुलींना मिळते? दोन नंबरचा वॉल तर तिच्या ओट्यासमोरच होता. वॉल उघडला की अण्णा पाऊण तास मोकळे, त्यामुळे ते तिच्या ओट्यावर बसणार हे ठरलेलंच होतं. बसलेही. लग्नानंतर पहिल्याच सकाळी आत्याने तांब्या-भांडं आणून पुढे ठेवलं आणि अण्णा म्हणाले, "ते आत ने. लेकीच्या घरचं पाणी चालत नाय."

ही रीत आमच्याकडची. मुलगी दिली की तिला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. बहुतेक घरांत वर्ष-दीड वर्षात हा प्रश्न मिटतो, पेढे येतात आणि पाठोपाठ पाणीही येतं. शालूआत्याला मूल झालं नाही. पुढेही झालं नाही. हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर वाचता वाचता कोणी उगाच पाळण्याची वाट बघत बसेल.

पण सुरुवातीला त्यात दुःख वगैरे काही नव्हतं, नुसती मजा होती. आत्या वकिलासारखी भांडायची. म्हणायची, "अण्णा, हे पाणी तुम्हीच आत्ता सोडलंत. तुमचंच पाणी तुम्हाला चालत नाही होय?" अण्णांनी त्यावर शांतपणे कायदा सांगितला होता. नळात आहे तोवर पाणी गावचं, भांड्यात पडलं की ज्याचं भांडं त्याच्या घरचं. मग आत्या चहा आणायची. चहात पाणी असतं म्हणून तो नको. नुसत्या दुधाचा केला, तर गवळी पाणी घालतो म्हणून तोही नको. एकदा तिने शहाळं आणून ठेवलं, वर म्हणाली, यात तर गवळी नाही. अण्णांनी शहाळ्याकडे थोडा वेळ बघितलं, ते कुठून आणलं ते विचारलं, कितीला मिळालं ते विचारलं, महाग आहे म्हणाले, आणि मोहनकाकांना प्यायला लावलं.

तहान तर लागायचीच. मग त्यांनी उपाय काढला. माझी पहिली-दुसरीतली वॉटरबॅग माळ्यावर पडली होती. लाल रंगाची, झाकणाला पिवळी टोपी आणि पोटावर बदकाचं चित्र. ती गळ्यात अडकवून अण्णा पाणी सोडायला जायला लागले. खांद्यावर पुरुषभर लोखंडी चावी, डोक्याला टॉवेल आणि छातीवर बदक. आख्ख्या गावाला पाणी देणारा माणूस लेकीच्या दारात बसून शाळेच्या वॉटरबॅगमधून घोट घोट पाणी पितो, हे बघायला दोन नंबरची पोरं ओट्यासमोर जमायची. आत्याही काही कमी नाही. ती रोज भांडं भरून, वर ताटली ठेवून, त्यांच्या शेजारी आणून ठेवायचीच. ते उठून गेले की तेच पाणी तुळशीला. सहा वर्षं एकही दिवस चुकला नाही. आत्याची तुळस माझ्या छातीएवढी वाढली होती, शेजारच्या बायका तिच्या फांद्या मागून न्यायच्या आणि खत काय घालतेस म्हणून विचारायच्या.

मला वाटतं, तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतर आत्या भांडेनाशी झाली. भांडं ठेवायची, बोलायची नाही. हळदीकुंकवाला बायका तिला काय विचारायच्या, तिच्या सासूबाई कुठल्या कुठल्या देवळात घेऊन जायच्या, कल्याणच्या एका डॉक्टरांकडे किती खेपा झाल्या, हे मला तेव्हा अर्धवट कळायचं. अण्णांना बहुधा तेवढंही कळत नव्हतं. त्यांच्या लेखी रीत म्हणजे वॉलसारखी, उघडा म्हटलं की उघडायचा, बंद म्हटलं की बंद. त्यात कोणाला लागतं-बोचतं असं काही असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

ब्याण्णव सालचा मे महिना. माझी दहावीची परीक्षा झालेली आणि सुट्टीत मी अण्णांबरोबर फिरायला जायचे. वॉटरबॅग भरायचं काम माझ्याकडे होतं आणि त्या दिवशी मी ती भरायला विसरले. स्पष्टच कबूल करते, पुढचं सगळं रामायण माझ्या आळसापायी. दोन नंबर उघडून अण्णा ओट्यावर बसले. सहा वाजले होते आणि तेव्हाच अंगाला घामाच्या धारा. पनवेलचा मे ज्याने सोसलाय त्याला जास्त सांगायला नको. टोपी उघडून त्यांनी वॉटरबॅग तोंडावर उपडी केली. आतून थेंब पडला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी रस्त्याकडे बघितलं. आणि तेवढ्यात अण्णांना उचकी लागली.

साधीसुधी नाही, सगळं अंग उडवणारी उचकी. आत्या नेहमीसारखं भांडं घेऊन बाहेर आली होती. म्हणाली, "अण्णा, घोटभर प्या, थांबेल." त्यांनी हाताने नको म्हटलं. उचकी. मोहनकाका बाहेर आले, पाठीवरून हात फिरवायला लागले. उचकी. समोरच्या घरातले म्हातारे आप्पा दात घासत होते, ते ब्रश तोंडात ठेवूनच म्हणाले, नाक दाबा. अण्णांनी नाक दाबलं, तरी उचकी. दहा मिनिटं हे चाललं. त्यांचा चेहरा लाल झालेला, डोळ्यांतून पाणी आणि शेजारी, हातभर अंतरावर, भरलेलं भांडं. मला तर एव्हाना पोट धरून हसू येत होतं. आत्या मात्र हसत नव्हती. तिने भांडं उचलून त्यांच्या तोंडासमोर धरलं. अण्णांनी उचकी देत देत मान फिरवली.

मग ती बोलली. आवाज चढवला नाही, ओट्यावर होतो तेवढ्यांनाच ऐकू गेलं असेल. "अण्णा, तुम्हाला कळतं का, तुम्ही रोज काय करता ते? बाहेरचे लोक वर्षातून एकदा विचारतात मला, काही आहे का म्हणून. तुम्ही रोज विचारता. रोज सकाळी सहा वाजता येऊन विचारता, आणि मी रोज नाही म्हणते... सहा वर्षं."

अण्णांची उचकी त्या क्षणी थांबली. मी सांगते, पुन्हा आलीच नाही. ते आत्याकडे बघत राहिले. इतकं गोंधळलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मग उठले, चावी खांद्यावर घेतली आणि चालायला लागले. मी मागून निघाले तर हाताने म्हणाले, थांब इथेच. आत्या भांडं घेऊन आत गेली आणि मोरीत बराच वेळ नळ वाहत राहिला.

मोरीतला नळ वाहतच राहिला, कारण वाहायला पाणी होतं. पाऊण तास झाला, तास झाला, दीड तास झाला. अण्णा दोन नंबर बंद करायला विसरले होते. तीस वर्षांत पहिल्यांदा. दोन नंबरच्या लोकांना आधी विश्वास बसेना. नळाखाली हात धरून ते एकमेकांकडे बघत होते. मग मात्र जी झुंबड उडाली म्हणता. गोधड्या निघाल्या, सतरंज्या निघाल्या. कोणी टेम्पो धुतला. आप्पांनी दुसरी आंघोळ केली आणि थोड्या वेळाने तिसरी. एका घरी रंगपंचमीची राहिलेली पिचकारी निघाली. आठ वाजता आळीतून असा ओहोळ वाहत होता की पोरं त्यात चपला सोडत होती. आणि लोक आत्याच्या घराकडे बघून हसत म्हणत होते, "काय शालूताई, आज वडिलांनी माहेरपण इथेच केलं वाटतं?" तीन, चार आणि पाच नंबर ठणठणीत कोरडे.

साडेआठला आजी आली. डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, दोन्ही रिकामी, आणि चेहऱ्यावर जे काही होतं ते बघून दोन नंबरचे लोक बाजूला झाले. "खय गेला तो? आख्खी आली बोंबलत बसलीय," असं म्हणत ती ओट्यावर चढली आणि आत्याचे डोळे बघून थबकली. आत्या काही सांगेना. मग मीच सांगितलं सगळं. वॉटरबॅगपासून. उचकीसकट. आत्या काय म्हणाली ते शब्दाला शब्द सांगितलं. इथे एक गोष्ट सांगायला हवी. ही रीत अण्णा पाळायचे ते पाळायचे, पण तिची खरी राखणदार आमची आजी होती. नेऱ्याच्या तिच्या माहेरात तिच्या आईने कधी लेकीच्या घरी तोंड धुतलं नव्हतं, असं ती अभिमानाने सांगायची. सहा वर्षांत तीही आत्याच्या घरी कोरडी आली आणि कोरडी गेली होती.

आजीने हंडा-कळशी खाली ठेवली. पदराने तोंड पुसलं. आत्याकडे न बघता म्हणाली, "शालू, आदी मना पानी दे. उन्हातना आयलंय." आत्या तशीच उभी. "देतंस का नाय? का आता पाया परू?" तेव्हा कुठे आत्या हलली. आजी उभ्यानेच प्यायली, वरून धार धरून, गटागटा, एक भांडं आणि वर अर्धं. रिकामं भांडं आत्याच्या हातात देत म्हणाली, "आता हंडा भर. घरी थेंब नाय." एवढंच. त्या दोघींनी एकमेकींना मिठी मारली नाही की काही नाही. आत्या हंडा भरत होती आणि आजी तिला सांगत होती की, गळ्यापर्यंत भर, अर्धा नको. दोन खेपा झाल्या. दुसऱ्या खेपेला आत्याही कळशी घेऊन आमच्याबरोबर निघाली.

अण्णा घरी आले तेव्हा बारा वाजत आले होते. तळ्याच्या काठी बसलो होतो म्हणाले. तिथे कोणीतरी त्यांना विचारलं, अण्णा आज तीन नंबरला सुट्टी का, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं आणि ते दोन नंबर बंद करायला धावत सुटले. धावपळीने बिचारे अर्धमेले झाले होते. आल्या आल्या माठातून त्यांनी तांब्या बुडवून घेतला आणि घटाघट रिकामा केला. परत बुडवणार तेवढ्यात आजी चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "ते शालूच्या घरचं हाय."

त्यांचा हात माठात तसाच राहिला. आत्या मधल्या दारात उभी होती, मी तिच्या मागे. अण्णांनी आत्याकडे बघितलं, तांब्याकडे बघितलं. आजी भाकरी थापता थापता पुढे म्हणाली, "आपल्या आलीत पानी कुठं होतं? तुमीच नाय सोरलं. पन हंडा माजा हाय. तुमीच बोलतान ना, ज्याचं भांडं त्याच्या घरचं. माज्या हंड्यातलं हाय, माज्या घरचं झालं. प्या."

इतकी सरळ पळवाट आजीने त्यांना काढून दिली होती, आणि तीही त्यांच्याच कायद्यातली. मला वाटलं, अण्णा मान डोलवतील आणि विषय मिटेल. सगळ्यांची अब्रू राहील. अण्णांनी तांब्या माठातून वर काढला. मग म्हणाले, "नाय. हंडा कोनाचा पन असू दे. शालूच्या घरचंच हाय ते." आणि तांब्या बुडवून दुसऱ्यांदा प्यायले. सावकाश, सगळा. प्यायल्यावर तांब्या पालथा घातला आणि आत्याला म्हणाले, "माठात वाळा नाय टाकलास?" हा माठ आपल्या घरचा, आपल्या बायकोने भरलेला, त्यात आत्या कशी वाळा टाकणार, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. आत्याने नाही म्हटलं आणि तोंडाला पदर लावून मागच्या पडवीत निघून गेली. आजी म्हणाली, "भाकर करपली माजी तुमच्यापायी."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावणं आलं. साहेबांनी विचारलं, काय झालं? अण्णांनी सांगितलं, झोप लागली. गावात मात्र लोक महिनाभर म्हणत होते की, शेवटी अण्णांनीही लेकीच्या आळीला जास्त पाणी सोडलंच. तीस वर्षांत ज्याने स्वतःच्या पोरीच्या लग्नालाही दहा मिनिटं जास्त दिली नाहीत, त्याला हे ऐकून काय वाटलं असेल... मी त्यांना म्हटलंही, खरं काय ते सांगा ना. ते म्हणाले, "खरं ते आपल्या घरातलं. बोलू दे लोकांना."

त्यानंतर अण्णा आत्याच्या घरी रोज पाणी प्यायले. आणि सहा वर्षांचं एकदम वसूल करायला निघाल्यासारखे नखरे सुरू झाले. गार नाही. माठ जुना झाला. भांडं पितळेचं आण, स्टीलला चव नाही. गूळ दे बरोबर, नुसतं पाणी लागतं पोटाला. आत्या कुरकुरायची, "याच्यापेक्षा तुमची वॉटरबॅग बरी होती." एका वर्षाने ते रिटायर झाले. मग बाबांनी खांदा कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तिथे गच्चीवर टाकी, नळाला चोवीस तास पाणी. आजी खूश, तरी सगळे हंडे भरलेलेच. अण्णांचा मात्र जीव रमेना. नळ सोडून ते बघत उभे राहायचे आणि म्हणायचे, हे येतंच राहतं, याला काय अर्थ आहे. चार दिवसांनी त्यांनी सायकल काढली आणि पहाटे रूळ ओलांडून जुन्या गावात, रघुनाथला शिकवायला. पाच वर्षं शिकवत होते. तुळस एव्हाना साधारण झाली होती, चारचौघींच्या तुळशीसारखी.

तेरावा झाला आणि मी चार दिवस आत्याकडे राहायला गेले. मोहनकाका कारखान्यात गेले की तिला एकटं ठेवू नये असं सगळ्यांना वाटत होतं, ती मात्र कामं उरकत होती. पहिल्या सकाळी सहा वाजता मी ओट्यावर बसले होते. आत्या आतच होती. त्या वेळेला बाहेर यायचं तिने बंद केलं होतं. रघुनाथ आला, दोन नंबर उघडला, चावी भिंतीला टेकवली आणि दारात येऊन उभा राहिला. नुसता पायाने पाय खाजवत उभा. मी म्हटलं, "काय हो?" तर म्हणाला, "ताईंना सांगा, पानी."

आत्याला वाटलं, तहान लागली असेल. तिने भांडं आणून दिलं. रघुनाथने टोपी काढली, ओट्यावर अण्णा बसायचे तिथे न बसता जरा बाजूला बसला आणि सगळं पाणी प्यायला. मग म्हणाला, "गेले धा-बारा दिवस तुमच्याकडं दुःख होतं, म्हनून आलो नाय. पन काम चुकल्यासारखं वाटतंय."

आत्याने विचारलं, "कसलं काम?"

"हेच," रघुनाथ म्हणाला. "पयल्या दिवशी अण्णांनी पाची नंबर लिवून दिलेले मना. एक नंबर सोडायचा. मग दोन. मग शालूच्या घरी पानी प्यायचं. मग तीन. मी बोललो, तुमी पिताय ना, मग मी कशाला? तर बोलले, मी हाय तोवर मी. मी नसंल तेव्हा तू. मी बोललो, तहान नसंल तर? तर चिडले माज्यावर. बोलले, तहानेचा काय संबंध? तिथलं पानी प्यायल्याबिगर तीन नंबर उघडायचा नाय."

आत्या आत गेली आणि गुळाचा खडा घेऊन आली, नुसतं पाणी पोटाला लागतं म्हणून. रघुनाथने गूळ तोंडात टाकला, टोपी घातली, पाऊण तास भरल्यावर दोन नंबर बंद केला, चावी खांद्यावर घेतली आणि तीन नंबरला पाणी सोडायला गेला.